पेटीच्या लाकडाचे पोकळ भांडे

प्रश्न: मी निवृत्त अभियंता असून घरामागच्या पडवीत लाकूड कातण्याचे मध्यम आकाराचे लेथ मशीन बसवून घेतले आहे. गेल्या जुलैमधील वादळात आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतचे महारुखाचे झाड पडले, तेव्हा तोडणाऱ्यांकडून सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे दोन ओंडके मी मागून घेतले. वखारवाल्याला दाखवले तर तो हसून म्हणाला, ‘साहेब, आ तो पेटीनुं लाकडुं छे, आमां शुं बनशे?’ तरीही अरुंद तोंडाचे, फुगीर पोटाचे शोभेचे भांडे करावे अशा हेतूने मी काम सुरू केले. बाहेरची बाजू बरी उतरली. पण आतून पोखरताना लाकूड कापले न जाता पिंजलेल्या कापसासारखे फुलून आले. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी चकमध्ये, म्हणजे लेथच्या तुकडा पकडणाऱ्या जबड्यांत, धरलेला तुकड्याच्या बुडाचा खुंटच तुटला आणि तुकडा उडून भिंतीवर आदळला. शिल्लक लाकडावर आता निळसर-करडे डाग पडले आहेत. माझे आजोबा बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले होते आणि त्यांच्या काही जुन्या पटाश्या माझ्याकडे आहेत. त्या या कामाला वापराव्यात काय? मुळात हे लाकूडच कुचकामी आहे, की माझे काही चुकते आहे?
(एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर: वखारवाल्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. महारुखाचा व्यापारी उपयोग आजवर मुख्यतः फळांची खोकी, माल भरण्याच्या पेट्या आणि काडेपेटीच्या काड्या यांसाठीच झाला आहे. सुके सागवान दर घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरते, तर सुका महारुख साधारण ४०० ते ४५० किलो. यावरून तो किती हलका आहे हे लक्षात येईल. त्याचा रंग दुधी-पिवळसर असतो, गाभा आणि बाहेरचे लाकूड यांच्या रंगात फरक दिसत नाही आणि पोत भरड असतो. नावाविषयी एक सूचना येथेच करतो. गुजरातीत या झाडाला ‘अरडुसो’ म्हणतात, आणि ‘अरडुसी’ म्हणजे आपला खोकल्यावरचा अडुळसा. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु माळ्याकडे किंवा वखारीत अर्धी गुजराती, अर्धी मराठी बोलताना हा घोटाळा हमखास होतो आणि अडुळशाच्या झुडपातून ओंडका कसा मिळणार, असा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. नरम लाकूड म्हणजे सोपे काम, अशी नवशिक्यांची समजूत असते आणि आपल्या पत्रातही तिची छाया दिसते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. सागवानाचे तंतू घट्ट असल्यामुळे धार थोडी बोथट असली तरी ते जागचे हलत नाहीत आणि कापले जातात. महारुखाच्या पेशींच्या भिंती पातळ आणि आतील नलिका रुंद असल्यामुळे बोथट धारेपुढे तंतू प्रथम वाकतो, मग मुळापासून उपटला जातो, आणि आपण ज्याला कापूस म्हणता तो या उपटलेल्या तंतूंचा थर असतो. अशा वेळी माणूस साहजिकच हत्यार जोराने दाबतो, आणि जितका दाब वाढतो तितके तंतू अधिक वाकतात. महारुख खरवडून चालत नाही. तो कापावाच लागतो.

कापण्याची दिशा कशी ठरवावी, हे समजण्यासाठी अंगण झाडण्याचा एक खराटा घ्यावा. त्याच्या काड्या म्हणजे लाकडाचे तंतू. अरुंद तोंडाच्या भांड्यासाठी तुकडा साधारणपणे असा बांधतात की तंतू लेथच्या आसाला समांतर राहतात, म्हणजे खराटा आडवा धरून फिरवल्यासारखी स्थिती असते. या जुडीला बाहेरून गोलाई द्यायची असेल, तर जाड भागाकडून बारीक भागाकडे कापत जावे. कारण प्रत्येक काडी कापली जात असताना तिच्या खाली आतल्या काड्यांचा आधार असतो. उलट दिशेने गेल्यास धार काड्यांच्या उघड्या टोकांवर आदळते आणि त्या उसवतात. बाहेरच्या बाजूचा हा नियम आपण अभ्यासाने किंवा योगायोगाने पाळला असावा, म्हणून ती बरी उतरली. आतल्या बाजूस मात्र नियम बरोबर उलटा होतो: आत आधार बाहेरच्या काड्यांचा असतो, म्हणून कमी व्यासाकडून जास्त व्यासाकडे जावे लागते. तोंडाजवळून सुरुवात करून पोटाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत, आणि नंतर तळाच्या मध्यापासून पुन्हा त्याच रुंद भागापर्यंत, असे दोन प्रवास करावेत. बहुतेक जण पोटातून तळाकडे हत्यार ओढत आणतात. आपल्या तुकड्यातला कापूस पोटाच्या खाली, तळाकडे वळणाऱ्या भागात सर्वांत जास्त असेल, असा माझा अंदाज आहे.

आजोबांच्या पटाश्यांविषयी विशेष आनंदाने लिहितो. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या कलाभवनात शिकलेल्या माणसाची हत्यारे बहुधा कार्बन पोलादाची असतील. आज बाजारात मिळणारी एच.एस.एस. (हाय स्पीड स्टील) हत्यारे धार अधिक काळ टिकवतात आणि ग्राइंडरवर तापली तरी बिघडत नाहीत. परंतु नीट घासलेल्या कार्बन पोलादाला अतिशय बारीक धार येते आणि महारुखाला नेमकी तीच हवी असते. फक्त ती ग्राइंडरवर लावताना क्षणाक्षणाला पाण्यात बुडवावीत. टोकाला निळी झाक आली की तेथील पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. ग्राइंडरनंतर तेलाच्या बारीक दगडावर धार साफ करावी. एक अट मात्र कसोशीने पाळावी: कातकामासाठी घडवलेली गोल पटाशीच लेथवर वापरावी. सुताराची साधी पटाशी फिरत्या लाकडावर टेकवू नये. तिची मुळाकडची बारीक शेपटी त्या धक्क्यासाठी केलेली नसते आणि ती मुठीतून मोडते. आजोबांच्या संचात दोन्ही प्रकार मिसळलेले असण्याची शक्यता आहे, म्हणून एवढे लिहिले.

बाहेरून काताना १४ सेंटिमीटर व्यासाच्या तुकड्याला मिनिटाला हजार ते बाराशे फेरे पुरेत. तुकडा ओबडधोबड असेपर्यंत याच्या निम्म्यानेच सुरुवात करावी. पोखरण्यापूर्वी मध्यभागी २५ मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे आणि बरम्यावर रंगीत चिकटपट्टी लावून खोली निश्चित करावी. पुढे खुंट कापला जाणार असला तरी भोक भांड्याच्या तळापासून १२ मिलिमीटर तरी अलीकडे थांबले पाहिजे. या बाबतीत मी अनुभवाने शहाणा झालो आहे: माझ्या पहिल्या भांड्याची खोली मी तोंडापासून मोजली, तोंडाची कड नंतर एक सेंटिमीटरने कातून काढली आणि ती वजाबाकी करायची विसरलो. ते भांडे आज आमच्या घरी विजेच्या दिव्याची टोपी म्हणून लटकते आहे.

पोखरताना वेग सहाशे ते आठशेपर्यंत उतरवावा. यासाठी सरळ दांड्याचे एक आणि टोकाशी हंसाच्या मानेसारखे वळलेले एक अशी दोन हत्यारे लागतात. दोन्हींच्या टोकाला चार-पाच मिलिमीटर रुंदीचे लहान पाते असते. पाते जितके लहान तितका धक्का कमी बसतो. वळलेल्या हत्याराचा वाकडा भाग टेकणावर, म्हणजे लेथवर हत्यार टेकवण्याच्या पट्टीवर, कधीही ठेवू नये. वळण संपून दांडा सरळ झाल्यावर जो भाग येतो, तोच टेकणावर असावा, नाहीतर पाते लाकडात अडकताच दांडा हातात पिरगळतो आणि मनगट दुखावते. टेकणाच्या पुढे दांडा किती बाहेर गेला आहे, यावरही लक्ष हवे. १२ मिलिमीटर जाडीचा दांडा दहा सेंटिमीटरपर्यंत ठीक चालतो. त्यापुढे तो थरथरू लागतो आणि महारुखावर ती थरथर लाटांसारखी उमटते. तोंडही हट्टाने अरुंद ठेवू नये. पहिल्या भांड्याला चार सेंटिमीटरचे तोंड असू द्यावे. दोन सेंटिमीटरच्या तोंडाचे कौतुक पुष्कळ होते, पण हत्याराचा नेमका अंदाज आल्याशिवाय ते करणे म्हणजे अंधारात सुई ओवणे होय.

भुसा वारंवार काढावा, तोही मशीन थांबवूनच. महारुखाचा ओलसर भुसा आत गोळा होऊन पात्याभोवती लगदा बनतो आणि मग पाते कापत नाही, नुसते घसरते. मी यासाठी सायकलचा पंप वापरतो. डोळ्यांवर चष्मा हवा आणि चेहरा भांड्याच्या तोंडाच्या रेषेत नको. याच संदर्भात सांगतो की या लाकडाचा भुसा कडवट असतो आणि काहींना त्याने शिंका, घसा खवखवणे किंवा त्वचेला खाज असा त्रास होतो, म्हणून चांगला मास्क लावूनच काम करावे.

भिंतीची जाडी मोजण्यासाठी महागडे साधन घेऊ नये. जाड तारेचा एक तुकडा घेऊन तो इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवावा, एक पाय भांड्याच्या आत जाईल असा मोडावा आणि दोन्ही टोकांमधले अंतर हव्या त्या जाडीइतके, समजा सात मिलिमीटर, ठेवावे. तारेचे आतले टोक भिंतीला टेकवल्यावर बाहेरच्या टोकापाशी फट दिसली, तर जाडी सातहून कमी झाली. टोक लाकडावर अडले आणि तार बसलीच नाही, तर अजून काढायचे आहे. लाकूड ओले असल्यास आणखी एक सोय आहे: पडवीतला दिवा मालवून भांड्यात लहान विजेरी सोडावी. जेथे भिंत पातळ तेथे महारुख मधासारखा उजळतो आणि जेथे जाड तेथे काळसर राहतो. जाडीचा संपूर्ण नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. सागवानात हे दृश्य कधी मिळणार नाही. या एका गोष्टीसाठी तरी मी हे लाकूड सोडणार नाही. मात्र भिंत सहा मिलिमीटरपेक्षा पातळ करण्याचा मोह टाळावा. हे लाकूड तेवढे बळकट नाही.

आतील कापूस इतके करूनही थोडा राहिला, तर चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख, उपयोगी पडते. एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्यावा, भांडे वाळल्यावर ते पातळ द्रावण आत-बाहेर कुंचल्याने भरपूर लावावे आणि ते पुरते सुकेपर्यंत मशीन चालवू नये, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते. लाख सुटलेल्या तंतूंमध्ये शिरून ताठ बसते आणि वाकणारा तंतू उभा राहतो. मग नुकत्याच धार लावलेल्या हत्याराने, कागदाइतकी साल निघेल असा एकच शेवटचा हात फिरवावा. पॉलिश पेपरने कापूस घासून काढण्याचा प्रयत्न करू नये. नरम भाग खोल जातो, कठीण भाग उंच राहतो आणि भांडे हाताला खडबडीत लागते. आत किती गुळगुळीत करावे, यालाही मर्यादा आहे. भांडे हातात घेणारा प्रत्येक माणूस सर्वप्रथम तोंडात बोट घालून पाहतो. बोट जेथवर पोहोचते तेथवर काम निर्दोष असावे, त्यापुढे ते नीटनेटके असले की पुरे.

खुंट तुटण्याचे कारण आपण दिलेल्या तपशिलावरून स्पष्ट दिसत नाही, पण शक्यता दोनच आहेत. एक तर खुंट बारीक होता, किंवा तो चकच्या तळाला टेकला होता. नरम लाकडासाठी खुंटाचा व्यास भांड्याच्या पोटाच्या निम्म्याहून कमी नसावा, म्हणजे १४ सेंटिमीटरच्या पोटाला ७० मिलिमीटर. त्याची लांबी चकच्या जबड्यांच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी असावी आणि तुकड्याचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर घट्ट बसलेला असावा. खांदा टेकला की सगळा भार तो घेतो. शिवाय महारुख जबड्यांखाली हळूहळू दबतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन थांबवून चक पुन्हा आवळावा. मशीन सुरू करताना तुकड्याच्या समोरच्या रेषेत उभे राहू नये आणि चेहऱ्यावर पूर्ण झाकण असावे. या वेळी तुकडा भिंतीवर गेला, ही नशिबाची गोष्ट समजावी.

निळे डाग हे बुरशीचे असून त्यांनी लाकडाचे बळ फारसे कमी होत नाही. परंतु ते पुसून जात नाहीत. बडोद्याच्या पावसाळी हवेत महारुख चिरल्यानंतर आठवड्याभरातच निळा पडू लागतो. त्यामुळे या लाकडाबाबत माझा सल्ला रूढ पद्धतीहून वेगळा आहे. सामान्यतः तुकडा ओला असताना भिंत व्यासाच्या एकदशांश जाडीची ठेवून कातून घेतात, त्याच्याच भुशात गाडून काही महिने वाळवतात आणि मग पुन्हा कातून पूर्ण करतात. महारुख ओल्या भुशात गाडला तर बुरशीला मेजवानीच मिळते. म्हणून झाड पडल्यानंतर दोन-तीन दिवसांतच, ओल्या लाकडातून एकाच बैठकीत सात मिलिमीटरपर्यंत भांडे पूर्ण करावे आणि सावलीत, जाळीवर, वारा सर्व बाजूंनी लागेल असे ठेवावे. पहिले दोन दिवस पंख्याचा थेट झोत नको. दररोज वजन करावे. तीन दिवस वजन बदलले नाही की ते वाळले. वाळताना भांडे किंचित लंबगोल होईल, ते होऊ द्यावे. ओंडक्याचा मध्य, म्हणजे नाभी, तुकड्यात येऊ देऊ नये, कारण चीर तेथूनच निघते. ३० सेंटिमीटरचा ओंडका उभा चिरून प्रत्येक अर्ध्यातून नाभी वगळल्यास १३ सेंटिमीटरचा चांगला तुकडा मिळतो. आपल्या डागाळलेल्या ओंडक्यांतून मात्र आता निष्कलंक पांढरे भांडे निघणार नाही. त्या डागांकडे संगमरवरी रेषांसारखे पाहता आले तर उत्तम. नाहीतर ते रंगाखाली झाकावेत, आणि त्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न: संखेड्याच्या फर्निचरवर असते तशी लाखेची चमक महारुखाच्या भांड्यावर घरच्या घरी आणता येईल का? तसेच महारुख न मिळाल्यास शेवगा, पांगारा किंवा सावर चालेल का?
(एक वाचक भगिनी, कारेलीबाग, बडोदे)

उत्तर: संखेडा बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे, तेथील खरादी कारागीर सागवान कातून त्यावर कथलाच्या वर्खाची नक्षी काढतात, ती घोटतात आणि वर लाख चढवतात, त्यामुळे कथिलाची पांढरी रेषा लाखेतून सोनेरी दिसते. लाख चढवण्याची कृती पाहण्यासारखी असते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या पानाने तिला घोटून चकाकी आणतात. घरी आपण नक्षी सोडून केवळ रंगीत लाख चढवू शकाल. मात्र महारुखाचा पोत भरड असल्याने लाख नलिकांमध्ये बुडते आणि वर बारीक खड्डे दिसतात. आधी चपड्याच्या द्रावणात खडूची बारीक पूड कालवून ती चोळून भरावी, वाळल्यावर हलक्या हाताने घासावी आणि मगच कांडी लावावी. कांडी फार जोराने दाबू नये, पातळ भिंत तापून तडकते. लेथजवळ जाताना पदर किंवा ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्यावेत.

पांगारा अवश्य चालेल. सावंतवाडीच्या लाकडी फळांसाठी हे हलके लाकूड वापरले जात आले आहे. सावरीचे लाकूडही चालेल, पण तिच्यावर डाग महारुखाइतक्याच लवकर पडतात. शेवगा मात्र स्पंजासारखा आणि दोरेदार असतो, तो धारदार हत्यारालाही दाद देत नाही. शेंगा खाव्यात आणि लाकूड सोडून द्यावे.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या हलक्या लाकडाच्या फुलदाणीखाली रोज पिठासारखी पूड पडते. काय करावे?
(एक वाचक, मांजलपूर, बडोदे)

उत्तर: ती भुंगेऱ्याच्या अळीची पूड आहे, नरम, पांढऱ्या लाकडातील पिष्टावर ही अळी जगते. फुलदाणी घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावी, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू द्यावी, आणि नंतर भोके मेणाने बुजवून त्यांवर खूण करावी. महिनाभराने नवे भोक दिसले, तर पुन्हा तेच करावे. नवीन भांडे करणाऱ्यांनी मात्र पॉलिशपूर्वीच ते बोरॅक्स आणि बोरिक पावडर यांच्या कोमट द्रावणात बुडवून वाळवावे. अशा भांड्यात खाण्याचा पदार्थ ठेवू नये. सुकी फुले किंवा मोराची पिसे ठेवावीत.